आधी फास, मग तपास: मोंटानातल्या शेरीफची गोष्ट

इयरफोन लावलेत ना? कोणी लोकलमध्ये उभ्याने ऐकत असेल, तर आज सुरुवात तिथूनच करू.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. संध्याकाळची वेळ, प्लॅटफॉर्म खच्चून भरलेला, आणि मागून ओरडा आला, "चोर, चोर, मोबाइल घेऊन पळतोय!" माझ्याच वयाचा एक पोरगा गर्दीतून वाट काढत माझ्या दिशेने आला. मी त्याची कॉलर धरली. मग आठ-दहा जण आले आणि त्याला धू धू धुतला. दोन मीही लगावल्या. तेवढ्यात माझी गाडी आली आणि मी चढलो. घरी आईला मोठ्या फुशारकीनं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मग मोबाइल सापडला का त्याच्याकडे?"

मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही.

आजची गोष्ट मी या प्रश्नासाठी निवडलीय. ती आहे अमेरिकेतली, १८६३-६४च्या हिवाळ्यातली. वेस्टर्न सिनेमे आपण सगळ्यांनी पाहिलेत. धूळ, घोडे, टोपीवाला शेरीफ, शेवटी झाडाला दोर. त्या सिनेमांत दोर ज्याच्या गळ्यात पडतो तो बहुतेक वेळा खराच बदमाश निघतो, कारण पटकथा लिहिणाऱ्यानं ते आधीच ठरवलेलं असतं. खऱ्या मोंटानात पटकथा नंतर लिहिली गेली. कशी, तेच सांगतो.

आधी जागा समजून घ्या. जुलै १८६२मध्ये रॉकी पर्वतातल्या ग्रासहॉपर क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं आणि तिथे बॅनॅक नावाचं गाव उभं राहिलं. गाव म्हणजे लाकडी खोपटी, दारूचे गुत्ते आणि चिखल. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथून साधारण ७० मैलांवर अल्डर गल्च नावाच्या घळीत आणखी मोठा साठा मिळाला. वर्षभरात तिथे हजारो माणसं येऊन धडकली. व्हर्जिनिया सिटी, नेव्हाडा सिटी अशा वस्त्या एकीला एक लागून उभ्या राहिल्या. नावात सिटी, पण घरं तंबूची. अमेरिकेत नाव आधी ठेवतात, शहर मागाहून येतं. आपल्याकडच्या बिल्डरांचंही तसंच असतं म्हणा.

हा सगळा भाग तेव्हा आयडाहो टेरिटरीत होता. राजधानी लुइस्टन, म्हणजे शेकडो मैल दूर, मध्ये बर्फानं भरलेले डोंगर. देशात यादवी युद्ध पेटलेलं, त्यामुळे वॉशिंग्टनला या कोपऱ्याकडे बघायला सवड नाही. प्रांताचा मुख्य न्यायाधीश म्हणून नेमलेला सिडनी एजर्टन बॅनॅकमध्ये राहायला आला होता, पण त्याचं न्यायालय कुठे भरतच नव्हतं. थोडक्यात काय, सोनं होतं, बंदुका होत्या आणि कोर्ट नव्हतं. सोन्याची भुकटी पिशव्यांत भरून घोड्यावरून किंवा घोडागाडीतून न्यायची. वाटेत लूटमार व्हायची, माणसं मारली जायची. हे खरंच घडत होतं. ते कोणी नंतर रचलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की मी लुटारूंची वकिली करायला बसलोय.

मग लोक न्याय करायचे कसा? खाणकामगारांची सभा भरायची. कोणीतरी न्यायाधीश, कोणीतरी वकील, आणि शेवटी निकाल जमावाच्या मतानं. जून १८६३मध्ये व्हर्जिनिया सिटीत डिलिंगहॅम नावाच्या एका डेप्युटी शेरीफला भरदिवसा गोळ्या घालून मारलं. तिघांवर खटला चालला. एक सुटला. बक स्टिन्सन आणि हेझ लायन्स या दोघांना फाशी ठरली, कबरीसुद्धा खणून झाल्या. आणि अगदी फाशीच्या वेळी एकानं आरोपीचं आईला लिहिलेलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. बायका रडायला लागल्या. जमाव विरघळला. पुन्हा मतदान घ्या म्हणाले. कोणाचं मत कोणत्या बाजूला तेच मोजता येईना, सगळा गोंधळ उडाला, आणि त्या गोंधळात दोघांना घोड्यावर बसवून सोडून दिलं. कबरी तशाच उघड्या राहिल्या.

हे लक्षात ठेवा. जमावाच्या न्यायाबद्दल बोलताना आपण नेहमी असं धरून चालतो की जमाव क्रूर असतो. इथे जमाव हळवा निघाला. तोही एका माणसाच्या खुनानंतर. नंतर ज्यांनी गुप्त समिती काढली त्यांच्या डोक्यात ही सभा पक्की बसलेली होती.

डिसेंबर उजाडला. निकोलस टीबोल्ट नावाचा एक तरुण, सगळे त्याला डचमन म्हणायचे, मालकाची खेचरं आणायला गेला आणि परतलाच नाही. मालकाला वाटलं, पोरगा खेचरं आणि पैसे घेऊन पळाला. म्हणजे बघा, त्या पोराला सगळ्यात पहिल्यांदा चोर ठरवलं ते त्याच्याच माणसांनी. काही दिवसांनी पामर नावाचा एक जण शिकार करत असताना त्यानं एक पक्षी टिपला. पक्षी झुडपात पडला, तो उचलायला गेला तर खाली टीबोल्टचं गोठलेलं प्रेत. गळ्याभोवती दोराचे वळ. पामरनं जवळच्या झोपडीतल्या दोघांना म्हटलं, गाडीत चढवायला हात लावा. त्यांनी नकार दिला. त्यानं एकट्यानं ते प्रेत गाडीत घालून नेव्हाडा सिटीत आणलं. लोकांनी ते पाहिलं आणि गाव पेटलं.

शोधपथक निघालं, झोपडीतल्या लाँग जॉन फ्रँकला पकडलं. त्यानं जॉर्ज आइव्ह्जचं नाव घेतलं. आइव्ह्ज देखणा, उंच, घोड्यावर पटाईत, आणि वाटमारीसाठी बदनाम.

आता इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या गोष्टीत मला आदर वाटावा अशी ही एकच जागा आहे. १९ डिसेंबर १८६३ला नेव्हाडा सिटीच्या रस्त्यावर आइव्ह्जचा खटला सुरू झाला. उघड्यावर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, न्यायाधीश बसले एका गाडीत, शेजारी शेकोट्या पेटवलेल्या. हजाराहून जास्त माणसं. आरोपीला वकील मिळाले, एक नाही, अनेक. फिर्यादीची बाजू घेतली विल्बर सँडर्स नावाच्या तिशीच्या आतल्या वकिलानं. हा एजर्टनचा भाचा. आरोपीचे मित्र गर्दीत पिस्तुलं लावून फिरत होते, आणि हा उभा राहून साक्षीदारांना प्रश्न विचारत होता. २४ जणांची ज्यूरी होती. तीन दिवस खटला चालला. साक्षी, उलटतपास, भांडणं, सगळं. २१ तारखेला रात्री ज्यूरीनं निकाल दिला. २३ विरुद्ध १, दोषी.

आइव्ह्जनं विनंती केली, सकाळपर्यंत थांबा, आईला पत्र लिहायचंय. सँडर्स क्षणभर थबकला. तेवढ्यात छपरावर बसलेला एक्स बायडलर नावाचा माणूस ओरडला, त्याला विचारा, त्यानं त्या डचमनला किती वेळ दिला होता! झालं. जूनमधलं आईचं पत्र सगळ्यांना आठवलं असणार. चांदण्यात, अर्धवट बांधलेल्या एका घराच्या तुळईला त्याला फाशी दिलं. हा खून मी केला नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

घाईची फाशी, अपिलाची सोय नाही, हे सगळं मान्य. तरी तिथे आरोप सगळ्यांसमोर झाले, आरोपीला बोलता आलं, आणि २४ जणांत एक माणूस "नाही" म्हणून शकला. त्या एका माणसाला कोणी हात लावला नाही. मला तो माणूस फार आवडतो.

दोनच दिवसांनी, २३ डिसेंबरला, त्याच खटल्यातून बाहेर पडलेल्या काही लोकांनी ठरवलं की हे असं तीन-तीन दिवस परवडणारं नाही. थंडी आहे, साक्षीदार घाबरतात, जमावाचा भरवसा नाही. त्यांनी शपथपत्र लिहिलं, खाली सह्या केल्या. २४ सह्या. व्हिजिलन्स कमिटी तयार झाली. शब्दशः मराठी केलं तर दक्षता समिती. आपल्याकडे रेशन दुकानावर लक्ष ठेवायलाही दक्षता समिती असते, त्यामुळे नाव ऐकून फार भीती वाटत नाही. पण या समितीच्या नियमांत शिक्षा एकच होती, मृत्यू. दंड नाही, तुरुंग नाही, कारण तुरुंगच नव्हता. पुढे ते काहींना हद्दपार करू लागले. त्यांत आइव्ह्जचं वकीलपत्र घेतलेल्यांपैकी दोघे होते. म्हणजे आरोपीच्या बाजूनं बोलणं हाही दोष झाला.

पुढचा महिना फार भरभर गेला. ४ जानेवारी १८६४च्या रात्री त्यांनी एरास्टस 'रेड' येगर आणि त्याच्या एका साथीदाराला झाडाला लटकवलं. त्याआधी येगरनं म्हणे नावं सांगितली. लुटारूंची टोळी आहे, टोळीत अमुक अमुक आहेत, आणि टोळीचा म्होरक्या आहे बॅनॅकचा शेरीफ, हेन्री प्लमर.

मरणाच्या दारात उभ्या माणसानं, फक्त त्याला पकडणाऱ्यांच्या समोर, दिलेली ही यादी. ती तपासायला तो पुन्हा कोणाला उपलब्धच झाला नाही. यादी घेणाऱ्यांनीच त्याला फाशी दिली.

समितीच्या बाजूनं लिहिणाऱ्या थॉमस डिम्सडेलनं एक गंमत नोंदवून ठेवलीय. तो म्हणतो, त्या टोळीचा परवलीचा शब्द होता "निर्दोष". आता विचार करा. तुम्हाला पकडलंय. तुम्ही काय म्हणणार? मी निर्दोष आहे. झालं! तुम्ही परवलीचा शब्द उच्चारलात, म्हणजे तुम्ही टोळीतले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. मग परत वाचलं.

बरं, हा प्लमर कोण? साधा माणूस नक्कीच नव्हता. कॅलिफोर्नियात मार्शल होता, तिथे एका माणसाला गोळी घातली म्हणून सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गेला, १८५९मध्ये माफी मिळून सुटला. बॅनॅकमध्येही त्याच्या हातून एक जण मेला होता. आणि तरीही मे १८६३मध्ये लोकांनी त्याला मतं देऊन शेरीफ केलं. बोलायला मृदू, कपडे टापटीप. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला त्यानं एजर्टन आणि सँडर्स कुटुंबांना घरी जेवायला बोलावलं, थेट सॉल्ट लेक सिटीहून टर्की मागवून. मुख्य न्यायाधीश आणि सरकारी बाजू मांडणारा वकील, दोघेही शेरीफच्या पंगतीला. दीड महिन्यानंतर त्यांच्या डोळ्यांसमोर, निदान त्यांच्या संमतीनं, शेरीफ फासावर गेला.

१० जानेवारी, रविवार. रात्री समितीची माणसं प्लमरच्या दारात आली. त्याला आणि त्याच्या दोन डेप्युटींना, नेड रे आणि बक स्टिन्सनला, धरून नेलं. हो, तोच स्टिन्सन, जूनमध्ये आईच्या पत्रामुळे सुटलेला एक जण. ज्या चौकटीवर तिघांना टांगलं ती चौकट प्लमरनं शेरीफ म्हणून स्वतःच उभारून घेतली होती. खटला नाही, साक्ष नाही, एकही प्रश्न नाही. आइव्ह्जला तीन दिवस मिळाले होते. शेरीफला तीन मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. प्लमर म्होरक्या होता का? असूही शकेल. नसूही शकेल. विचारायची एक वेळ होती, ती त्या रात्री संपली.

दुसऱ्या दिवशी बॅनॅकमध्ये जे झालं ते वेस्टर्न सिनेमात कधी दाखवत नाहीत. होजे पिझांथिया नावाचा एक मेक्सिकन माणूस गावाकडेच्या झोपडीत राहायचा. मेक्सिकनांना हिणवायला जी शिवी होती, त्याच शिवीनं गाव त्याला ओळखायचं. तो येगरच्या टोळीत असल्याचा धड आरोपही नव्हता. "त्यालाही आणा" एवढंच. दोघे जण दारातून आत शिरले, त्यानं आतून गोळ्या झाडल्या. एक मेला, एक जखमी. तुमच्या घरात परवा-काल माणसं टांगून आलेला जमाव घुसला तर तुम्ही काय कराल, हा प्रश्न मी इथे सोडून देतो. जमावानं एजर्टनची छोटी पहाडी तोफ आणली. तोफ. एका झोपडीवर. गोळे टाकून झोपडी पाडली, जखमी माणसाला ओढून बाहेर काढलं, कपडे वाळत घालायच्या दोरीनं खांबाला टांगलं आणि टांगलेल्या देहावर गोळ्यांचा पाऊस पाडला. मग झोपडी पेटवली आणि प्रेत त्यात फेकलं. चौकशी, मत, यादी, काही नाही. समितीची यादी निदान कागदावर होती. हे तर तिच्या सावलीत गावानं करून टाकलं.

१४ जानेवारीला व्हर्जिनिया सिटीत एकाच तुळईला एका वेळी पाच जण. त्यात एक पायानं अधू असलेला चांभार होता, क्लबफूट जॉर्ज लेन. १९०७मध्ये कबर कोणाची ते ओळखायला त्याची कबर उकरली, तेव्हा तो वाकडा पाय काढून घेतला आणि गावच्या म्युझियममध्ये काचेखाली ठेवला. कित्येक वर्षं पर्यटक तो बघत होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत किमान वीस जण मारले गेले होते.

वाटमारी थांबली का? बरीच थांबली, असं त्या काळचे लोक सांगतात, आणि मला ते पटतं. मग समिती थांबायला हवी होती ना? मार्चमध्ये जॅक स्लेडची पाळी आली. हा एकेकाळी स्टेजकोच कंपनीचा अधिकारी. मार्क ट्वेननं प्रवासात त्याच्यासोबत कॉफी घेतली होती आणि कपातली शेवटची कॉफी या नामांकित मारेकऱ्यानं आपल्याला दिली, ही आठवण लिहून ठेवलीय. मोंटानात स्लेडनं कोणाचा खून केला नव्हता, कोणाला लुटलं नव्हतं. तो प्यायचा, आणि प्यायला की दुकानांची तोडफोड करायचा, घोडा घेऊन गुत्त्यात शिरायचा. शुद्धीवर आल्यावर नुकसानभरपाईही द्यायचा. तोवर गावात लोकांचं कोर्टही सुरू झालं होतं. स्लेडनं त्या कोर्टाचा हुकूम फाडला, न्यायाधीशावर पिस्तूल रोखलं. १० मार्च १८६४ला त्याला एका गोठ्याच्या फाटकाच्या खांबाला फाशी दिलं. तो रडत होता, बायकोला एकदा भेटू द्या म्हणत होता. तिला निरोप गेला. ती घोडा फेकत आली, पण पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिनं त्याचं प्रेत मद्यार्कात ठेवलं आणि उन्हाळ्यात सॉल्ट लेक सिटीला नेऊन पुरलं.

लुटारूपासून दारुड्यापर्यंत यायला यांना अडीच महिने लागले.

त्याच वर्षी मोंटाना वेगळी टेरिटरी झाली, एजर्टन गव्हर्नर झाला. डिसेंबर १८६४मध्ये नवे मुख्य न्यायाधीश हॉस्मर यांनी व्हर्जिनिया सिटीतल्या एका हॉटेलच्या जेवणघरात कोर्ट भरवलं. त्यांनी समितीचं आधी कौतुक केलं आणि मग सांगितलं, आता कोर्ट आलंय, आता हे बंद. ऐकलं का कोणी? मार्च १८६६मध्ये हेलेना गावात जेम्स डॅनियल्सला फाशी दिलं. पत्त्यांच्या भांडणात त्याच्या हातून माणूस मेला होता, रीतसर कोर्टानं त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली होती, आणि काही महिन्यांनी हंगामी गव्हर्नर मॅहरनं ती शिक्षा तहकूब केली होती. तहकुबीचा तो हुकूम लटकलेल्या डॅनियल्सच्या खिशातच होता. कोर्ट नाही म्हणून जन्मलेली समिती आता कोर्टाचा निकाल आवडला नाही म्हणून काम करत होती. हेलेनात हे १८७०पर्यंत चाललं.

आता सांगा, हे सगळं आपल्याला कळलं कसं? बरंचसं डिम्सडेलमुळे. हा इंग्रज शाळामास्तर, 'मोंटाना पोस्ट'चा संपादक, समितीच्या लोकांचा मित्र. त्यानं आपल्या पेपरात ही कहाणी क्रमशः छापली आणि १८६६मध्ये तिचं पुस्तक काढलं. मोंटानात छापलेलं ते पहिलं पुस्तक. त्यात तो म्हणतो की या टोळीनं १०२ खून केले. इतिहासकारांना कागदोपत्री पुरावा मिळतो तो मोजक्याच खुनांचा. पण १०२ हा आकडा पुढे पुस्तकामागून पुस्तकात फिरत राहिला. आपल्या फॅमिली ग्रुपवर जसं "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" लिहिलेलं येतं, तसाच. समितीतले लोक पुढे मोठे झाले. अध्यक्ष पॅरिस फाउट्स व्हर्जिनिया सिटीचा महापौर झाला. सँडर्स मोंटानाचा सिनेटर झाला. ज्यांना टांगलं त्यांच्यापैकी कोणाचीही बाजू मांडणारं पुस्तक तेव्हा कोणी लिहिलं नाही.

आजही मोंटाना हायवे पेट्रोलच्या पोलिसांच्या दंडावरच्या बिल्ल्यावर ३-७-७७ असा आकडा आहे. हा व्हिजिलंटींचा इशारा म्हणून ओळखला जातो. कोणी म्हणतं ही कबरीची मापं, कोणी म्हणतं गावाबाहेर जाणाऱ्या गाडीचं भाडं आणि वेळ. नक्की अर्थ कोणीच सांगू शकत नाही. कायद्याच्या रक्षकाच्या गणवेशावर कायदा हातात घेणाऱ्यांचा आकडा, आणि त्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नाही!

एक शेवटची गोष्ट सांगतो. मे १९९३मध्ये व्हर्जिनिया सिटीच्या कोर्टात हेन्री प्लमरचा खटला भरला. प्रतीकात्मक, पण वकील होते, साक्षी होत्या, स्थानिक मतदारांतून निवडलेली बारा जणांची ज्यूरी होती. फाशीनंतर १२९ वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. ज्यूरी आत गेली, बाहेर आली. सहा म्हणाले दोषी, सहा म्हणाले निर्दोष. न्यायाधीशांनी खटला निकालाविना संपवला.

आईला मी हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी ऐकवला. तिनं विचारलं, त्या प्लॅटफॉर्मवरच्या पोराचं तोंड आठवतं का रे तुला? त्याचा शर्ट आठवतो. निळा होता, कॉलर उसवलेली. ती बहुतेक माझ्याच हातून उसवली.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात.